पोट आणि सांधे : झाडपाल्याचे औषध घ्यावे कसे, आणि थांबावे कुठे



ऊस विकास विभागाकडून आपल्याला बेण्याची निवड, खताची मात्रा, पाण्याच्या पाळ्या याबद्दल नेहमी वाचायला मिळते. या अंकात आम्ही थोडा वेगळा विषय घेतला आहे. गटागटांतून फिरताना आम्ही उसाची चौकशी करतो, पण चहा होईपर्यंत बोलणे हमखास दोन गोष्टींवर येते. एक, पोट साफ होत नाही, गॅस धरतो. दोन, गुडघे धरलेत, बांधावरून चढता-उतरता येत नाही. यात नवल काही नाही. रात्रीची वीज आली की पाणी धरायला जायचे, जेवणाची वेळ टळायची, उपाशीपोटी चार कप चहा आणि वर तंबाखू. लागणीत दिवसभर वाकायचे, खताची पोती उचलायची. पोट आणि सांधे तक्रार करणारच.

या दुखण्यांवर बहुतेक घरांत आधी झाडपाल्याचे औषध होते, डॉक्टर नंतर. आम्हाला त्यात गैर काही वाटत नाही. मात्र अलीकडे दोन गोष्टी वाढल्या आहेत. एक म्हणजे ‘वनस्पतीचे आहे, त्याने अपाय होतच नाही’ हा समज. दुसरी म्हणजे बाजारात, एस.टी. स्टँडवर विकली जाणारी बिननावाची पुडी. या दोहोंमुळे चांगल्या घरांत मोठी दुखणी शिरली आहेत. आम्ही डॉक्टर नाही किंवा वैद्यही नाही. आम्ही शेतीची पदविका घेतलेली माणसे. पण वनस्पतीची ओळख, तिचा भाग, मात्रा आणि मुदत या चार गोष्टी आमच्या रोजच्या कामाच्या आहेत. औषधी वनस्पतीलाही नेमक्या याच चार गोष्टी लागू पडतात, एवढे सांगण्यासाठी हा लेख.

घाटाखालचा बाजार

आपल्या कितीतरी सभासदांची मुले बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. त्र्यंबकहून मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर करीत पालघरला उतरायचे, मुलाकडे चार दिवस राहायचे आणि येताना पिशवीत मुळ्या-साली बांधून आणायच्या, हे आता नेहमीचे झाले आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. समुद्रकाठ आणि सह्याद्रीचा डोंगर दोन्ही असलेला हा मुलूख. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी अशी आदिवासी मंडळी इथली मूळ रहिवासी. कुड्याची साल, मुरुडशेंग, हिरडा, बेहडा, निर्गुडी ही त्यांची घरची औषधे. जाणकार भगताला किंवा वडीलधाऱ्या आजीला झाड पानगळीतही सालीवरून ओळखता येते. हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या वापरून पारखलेले आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

त्याच जिल्ह्यात डोंगरापासून फार दूर नाही अशा तारापूर वसाहतीत औषधी द्रव्ये तयार करणारे कारखाने आहेत. तिथे प्रत्येक घाण्याला नमुना तपासतात, मिलीग्रॅममध्ये मोजतात, पिंपावर क्रमांक घालतात. सभासद म्हणतात, एक जंगलाचे औषध, एक कारखान्याचे. पहिले निर्धोक, दुसरे केमिकल. हा भेद खरा नाही. एकच उदाहरण पुरे.

पावसाळ्यात पालघरच्या डोंगरात आणि आपल्या घाटातही कुंपणावर एक वेल फुलते. ज्वाळेसारखे लाल-पिवळे फूल, पानाच्या टोकाला वेलीच्या ताण्यासारखा आकडा. ही कळलावी. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन नावाचे द्रव्य असते. वातरक्त, म्हणजे युरिक ॲसिडमुळे अंगठ्याचा सांधा लाल होऊन ठणकतो ते दुखणे, त्यावर डॉक्टर हेच द्रव्य देतात. गोळीत ते असते अर्धा मिलीग्रॅम. तोच कंद कोणी सांगितले म्हणून उगाळून प्याला तर माणूस दगावतो. द्रव्य एकच. औषध आणि विष यांत फरक आहे तो मात्रेचा. युरिया गोणीतला चांगला की वाईट, असे आपण विचारीत नाही. एकरी किती आणि कधी, असे विचारतो. तसेच हे.

पोटाच्या तक्रारी : घरात करता येण्याजोगे

१) गॅस, जड पोट, अपचन. अर्धा चमचा ओवा किंचित सैंधवाबरोबर चावून वर कोमट पाणी. ओव्यात थायमॉल असते, त्याचा तो झणका. सुंठीचे चूर्ण पाव चमचा, सुपारीएवढ्या गुळात गोळी करून जेवणाआधी. मधुमेह असलेल्यांनी गूळ टाळून ताकातून घ्यावे. हिंगाष्टक चूर्ण म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग. अर्धा चमचा पहिल्या घासाला तुपाबरोबर घेण्याची पद्धत आहे. त्यात मीठ आहे, म्हणून रक्तदाबवाल्यांनी रोजची सवय लावू नये.

२) बद्धकोष्ठ. आधी पाणी, भाजी आणि वेळेवर जाण्याची सवय. त्यानंतर इसबगोल, एक ते दोन चमचे भुसा, भरपूर पाण्यातून, वर आणखी एक पेला पाणी. इसबगोल पाणी शोषून फुगते, म्हणून मळ मऊ होतो. पाणी कमी पडले तर तोच भुसा घशात किंवा आतड्यात अडकतो. दुसरी औषधे चालू असतील तर मध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे. त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा समभाग. रात्री एक चमचा कोमट पाण्यातून.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ‘पोट साफ’ म्हणून मिळणाऱ्या कितीतरी चूर्णांत मुख्य घटक सोनामुखी असतो. सोनामुखी आतड्याला चाबूक मारून पळवते. आठवडाभर ठीक. वर्षानुवर्षे रोज घेतली की चाबकाशिवाय बैल हलत नाही, तशी आतड्याची गत होते. जुलाबावाटे शरीरातले पोटॅशियमही जाते. डबीवर घटक छापलेले असतात, ते घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या.

३) मुरडा आणि आंव. पोटात मुरडा येतो त्यावर मुरुडशेंग उगाळून देतात. पिळाच्या दोरीसारखी ही शेंग बाळगुटीतही असते. आंवेवर कुड्याची साल, तिचेच कुटजारिष्ट होते. पालघर भागात कुड्याच्या फुलांची भाजीही करतात. पण कुडे दोन आहेत. पांढरा किंवा कडू कुडा हा औषधाचा. दुसरा काळा कुडा, त्याच्या दोन शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. कडू कुड्याच्या शेंगा सुट्या लोंबतात. बाजारात एकाच्या नावावर दुसऱ्याची साल खपते. साल वाळली की शेंग पाहायला मिळत नाही. तेव्हा ज्याला झाड ओळखता येते त्याच्याकडूनच घ्यावी, नाहीतर सरळ परवानाधारक कंपनीचे औषध आणावे. आंवेत रक्त दिसले तर मात्र घरी थांबू नये.

४) जुलाब. यावर सगळ्यांत मोठे औषध आपल्याच कारखान्याच्या पोत्यात आहे, आणि ते आम्हाला आवर्जून सांगायचे आहे.

साखरेचे पाणी : सन १९७१ ची गोष्ट

सन १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून पुड्या बांधल्या, पिंपात पाणी कालवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावले. शंभरात तीसच्या आसपास माणसे दगावत होती, ते प्रमाण चाराच्या खाली आले. पुढे जगभर हाच उपचार रूढ झाला. २०२२ साली डॉक्टर वारले, २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

यामागचे कारण समजून घ्या. नुसते मीठ-पाणी जुलाब लागलेल्या आतड्यातून नीट शोषले जात नाही. पण सोबत साखर असली की आतड्याची भिंत साखर आत घेते, तिच्याबरोबर मीठ ओढले जाते आणि मिठामागोमाग पाणी. आपली नेहमीची साखर पोटात फुटून तिचे ग्लुकोज होते, म्हणून तीही चालते.

माप असे : एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरायचा नाही. चवीला हे पाणी अश्रूंपेक्षा खारट नसावे. प्रत्येक जुलाबानंतर थोडे थोडे पाजावे, तान्ह्याचे अंगावरचे दूध तोडू नये. दवाखान्यातली ओ.आर.एस.ची पुडी मिळाली तर ती अधिक चांगली.

काही घरांत जुलाबात उसाचा रस किंवा थंडपेय देतात. तसे करू नका. रसात शंभराला बारा ते पंधरा भाग साखर असते, वरच्या पाण्यात अडीच ते तीन भाग. जादा साखर उलट आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतो. पहा, साखर तीच. माप चुकले की औषधाचे अपथ्य झाले.

‘गॅस’ नव्हे असा गॅस

चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या छातीत मध्यभागी दाब आला, घाम फुटला, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, दम लागला, तर तो गॅस समजून ओवा चावून निजू नये. तो हृदयाचा झटका असू शकतो. बायकांना आणि मधुमेहींना तर पुष्कळदा छातीत दुखतही नाही. नुसती मळमळ आणि गळून जाणे. अशा वेळी १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. ‘सकाळी बघू’ म्हणू नये. पहिल्या तासात उपचार मिळाला तर हृदयाचा स्नायू वाचतो.

सांधेदुखी : आधी दुखणे कोणते ते पहा

आपण सगळ्यालाच ‘वात’ म्हणतो. पण तीन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत.

पहिला, झिजेचा संधिवात. वय, वजन आणि कष्ट यांमुळे गुडघ्याची कूर्चा झिजते. चालल्यावर दुखते, विसावा घेतला की बरे वाटते. आपल्या सभासदांत हाच जास्त.

दुसरा, आमवात. हाताच्या बोटांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सुजतात, सकाळी तासभर तरी आखडलेले राहतात, अंगात कणकण असते. यात शरीर स्वतःच्याच सांध्यावर उलटते. पहिल्या काही महिन्यांत योग्य उपचार झाला नाही तर बोटे कायमची वाकडी होतात. इथे तेल चोळीत वर्ष घालवणे म्हणजे पीक करपून गेल्यावर पाणी सोडणे.

तिसरा, वातरक्त. बहुधा पायाचा अंगठा रात्रीतून लाल होतो, पांघरुणाचा स्पर्श सोसत नाही. दारू आणि मटण यांनी वाढतो. रक्तातले युरिक ॲसिड तपासावे लागते.

झिजेच्या दुखण्यावर घरात काय करता येते ते असे.

निर्गुडीचा शेक : कालव्याच्या कडेला, ओढ्याला निर्गुडी पुष्कळ. दोन मुठी पाला पाण्यात उकळून, त्यात फडके बुडवून, पिळून, सोसेल एवढ्या उष्णतेने पंधरा मिनिटे शेकावे. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्यांनी उष्णता दुसऱ्याच्या हाताने पाहून घ्यावी, नाहीतर भाजते आणि कळत नाही. सांधा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर शेकू नये, डॉक्टरकडे जावे.

तेल : घाटाखाली मोहाच्या बियांचे तेल कोमट करून चोळतात. आपल्याकडे तीळतेल किंवा करडई आहे. तेलाने झीज भरून येत नाही, पण चोळण्याने आखडलेले स्नायू सैल होतात आणि बरे वाटते. तेवढी अपेक्षा ठेवावी.

एरंड : एरंडाचे पान कोमट करून बांधणे ठीक. सुंठीच्या काढ्यातून एरंडेल हा आमवातावरचा जुना उपाय आहे, पण तो वैद्याने माणूस पाहून द्यायचा. एरंडेल जोरकस रेचक आहे, गरोदर बाईला देऊ नये. एरंडाच्या बिया खाऊ नयेत. त्यांत रायसिन हे जहाल विष असते, मुले खेळताना चावतात तिकडे लक्ष असावे.

सालई : सातपुड्यात, विदर्भाच्या जंगलात सालईचे झाड होते. त्याच्या डिंकाला शल्लकी म्हणतात. गुडघ्याच्या झिजेवर त्याच्या चाचण्या झाल्या असून वेदना कमी झाल्याचे आढळले आहे. गुण यायला काही आठवडे लागतात.

गुग्गुळ : कच्छ-राजस्थानकडील काटेरी झुडपाचा हा डिंक. योगराज गुग्गुळ सर्वांना ठाऊक आहे. पण महायोगराज गुग्गुळात धातूंची भस्मे असतात. ते वैद्याच्या देखरेखीवाचून घेऊ नये. थायरॉइड, हृदय किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर गुग्गुळ घेण्याआधी विचारावे.

हळद : भाजी-दुधातली हळद घरच्या मापाने उत्तम. हळदीच्या अर्काच्या मोठ्या कॅप्सूल ही वेगळी गोष्ट. त्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे.

बिब्बा : गुडघ्याला बिब्ब्याचा डाग देणे अजून चालते. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येऊन पिकतात. वेदना कमी झाल्यासारखी वाटते, कारण मन नव्या वेदनेकडे जाते. हे करू नये.

या सगळ्यांपेक्षा मोठे औषध फुकटचे आहे. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, दहा आकडे मोजेपर्यंत ताठ धरावा, खाली घ्यावा. असे दहा-दहा वेळा दोन्ही पायांनी, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. वजन जास्त असेल तर चार-पाच किलो उतरवावे. उकिडवे बसणे कमी करावे. गोठ्यात दूध काढायला लहान स्टूल घ्यावे.

बिननावाची पुडी

आता मुख्य मुद्दा. आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका सभासदाची हकीकत सांगतो, नाव देत नाही. बोईसरला मुलाकडे गेले असता रस्त्यावरच्या फिरत्या विक्रेत्याकडून त्यांनी गुडघ्यासाठी तपकिरी चूर्ण घेतले. कागदात बांधलेली पुडी, ‘जंगलची जडीबुटी’ एवढेच सांगितलेले. चार दिवसांत गुडघा मोकळा. भूक वाढली, अंग धरले. गावात चार जणांनी त्यांच्याकडून पुड्या मागवल्या. आठ महिन्यांनी चेहरा गोल सुजला, दंड बारीक झाले, कातडीवर निळे डाग उठू लागले, कधी नव्हे ती रक्तातली साखर वाढली. एके दिवशी पुडी संपली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांना उठताच येईना. दवाखान्यात डॉक्टरांनी पुडी पाहायला मागितली आणि सांगितले की यात स्टिरॉइड मिसळलेले असावे.

सांधेदुखीच्या अशा चूर्णांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारखी स्टिरॉइडे किंवा वेदनाशामक गोळ्या कुटून घातल्याचे देशात वेळोवेळी तपासण्यांत उघड झालेले आहे. जंगलात राहणाऱ्या आदिवासी बाईचा यात दोष नाही. ती विकते ती साल आणि मुळी, आणि ती डोळ्यांना दिसते. दोष आहे तो ओळख न पटणाऱ्या भुकटीचा. स्टिरॉइड डॉक्टरांच्या हातात उपयोगी औषध आहे. पण न कळत, न मोजता महिनोन् महिने पोटात गेले तर हाडे ठिसूळ होतात, साखर आणि रक्तदाब चढतो, जखमा भरत नाहीत. शिवाय शरीर स्वतःचे स्टिरॉइड बनवणे बंद करते.

म्हणून हे नीट वाचा : अशी पुडी आपण बरेच दिवस घेत असाल तर आज वाचले आणि आजच बंद केली असे करू नका. एकदम बंद केल्याने जिवावर बेतू शकते. पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात जा, किती दिवस घेतली ते खरे सांगा. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतील.

दुकानातल्या वेदनाशामक गोळीचेही तेच. गुडघ्यासाठी रोज दोन गोळ्या घ्यायच्या, त्यांनी पोटात व्रण पडतात, मग पोटासाठी चूर्ण घ्यायचे. गुडघ्याचे दुखणे असे पोटात शिरते. शौच डांबरासारखे काळे झाले तर आत रक्तस्राव होत आहे, तातडीने जावे. उन्हात पाणी न पिता या गोळ्या खाणाऱ्यांची मूत्रपिंडेही बिघडतात.

गोळा करताना

वनस्पती स्वतः गोळा करणाऱ्यांसाठी, आमच्या खात्याच्या नात्याने चार सूचना.

एक, उसाच्या बांधावरची घेटुळी किंवा दुसरा पाला औषधाला घेऊ नये. लागणीत आणि खोडव्यात आपण टू-फोर-डी, ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन फवारतो. फवाऱ्याचा अंश बांधावर जातो. औषधाची चार झाडे परसात, फवाऱ्यापासून दूर लावावीत : अडुळसा, निर्गुडी, गुळवेल, ओव्याची आळी, एवढे पुष्कळ.

दोन, औद्योगिक वसाहतीच्या नाल्याकाठची, डांबरी रस्त्याकडेची वनस्पती घेऊ नये. तारापूरच्या सांडपाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे. पाण्यात-मातीत जड धातू असले तर झाड ते उचलते, आणि उकळून ते जात नाहीत.

तीन, जोडझाडे ओळखा. करोनाच्या काळात गुळवेल घरोघर प्यायली गेली. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रोग्यांत यकृताला सूज आल्याचे प्रसिद्ध केले. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने गुळवेलीला दोष देणे बरोबर नाही, वनस्पतीची ओळख चुकलेली असू शकते, असे म्हटले. वाद वैद्यांचा आहे. आपण घ्यायचा धडा साधा. गुळवेलीसारखीच दुसरी वेल आहे, तिच्या खोडावर ठळक गाठी असतात आणि कापल्यावर दुधासारखा चीक येतो. ती घेऊ नये. खरी गुळवेलही महिनोन् महिने रोज पिऊ नये. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली की ताबडतोब बंद करून डॉक्टरकडे जावे. शेजारच्या शहापूर तालुक्यात कातकरी तरुण वन धन केंद्रामार्फत गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना पुरवतात. जाणत्या हातांनी ओळखून गोळा केलेल्या मालाला तिथे दामही मिळतो.

चार, सापसंद आणि काळ्या रानात तणासारखी उगवणारी किडामार या दोन वनस्पती पोटात घेऊ नका. जंतावर, सांध्यावर, विंचवावर म्हणून त्या सांगितल्या जातात. त्यांतील ॲरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडे कायमची निकामी होतात आणि कर्करोगही होतो, हे युरोपात १९९० नंतर झालेल्या तपासातून सिद्ध झाले आहे.

डबी विकत घेताना

आयुर्वेदिक औषधालाही १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली उत्पादनाचा परवाना लागतो. डबीवर हे पाहावे : उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, घटकांची यादी. यांतले एक जरी नसेल तर डबी परत ठेवावी. खताच्या गोणीवर छाप नसेल तर आपण गोणी घेतो का? मग पोटात घालायच्या वस्तूला वेगळा न्याय का? ‘हमखास गुण, नाहीतर पैसे परत’ असे म्हणणाऱ्यापासून लांब राहावे. ठरावीक रोगांवर इलाजाची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. संशयास्पद औषधाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते.

आणि डॉक्टरला चालू असलेला काढा सांगावा, वैद्याला चालू असलेली गोळी. लाजू नये. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर नक्की सांगावे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि लहान मुलांनी विचारल्याशिवाय काही घेऊ नये.

थांबावे कुठे

खालीलपैकी काहीही असले तर झाडपाला बाजूला ठेवून दवाखाना गाठावा :

• शौचातून रक्त, काळे शौच, रक्ताची उलटी.
• जुलाबात लघवी बंद होणे, डोळे खोल जाणे, मूल सुस्त पडणे.
• कारण नसता वजन उतरणे, गिळायला अडणे, पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणे.
• पोट दगडासारखे ताठ होऊन असह्य कळ.
• एकच सांधा लाल, गरम, सोबत ताप.
• सकाळी तासभर बोटे आखडणे, सहा आठवडे टिकणारी सूज.
• दोन आठवडे घरगुती उपाय करून उतार नसणे.

शेवटची ओळ विशेष ध्यानात ठेवावी. घरच्या औषधाला मुदत असावी. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर निदान चुकले आहे असे समजावे. पीक पिवळे पडले म्हणून युरिया टाकला, पंधरा दिवसांत हिरवे झाले नाही, तर आपण आणखी युरिया टाकीत नाही. मुळी उपटून हुमणी आहे का ते पाहतो. शरीराच्या बाबतीतही तसेच वागावे.

हा अंक घरातल्या बाया-माणसांना वाचून दाखवावा, साखर-मिठाच्या पाण्याचे माप स्वयंपाकघरात भिंतीवर लिहून ठेवावे. घरात बिननावाची पुडी असेल तर ती या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवावी. पुढील अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापन आणि हुमणीचा बंदोबस्त याबद्दल माहिती देऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी